एक सेकंद

चोरबाजारातून मी जुना पेंटॅक्स के-१००० घरी आणला, तेव्हा ही म्हणाली, "मोबाइल असताना हे धूड कशाला?" मास्तराला प्रश्नाचं उत्तर येऊ नये, याची मौज घरात सगळ्यांना वाटली!

१९७६ ते १९९७ पर्यंत निघालेला हा कॅमेरा. शटरला सेल लागत नाही; लागतो तो फक्त प्रकाशमापकाला. पण आरशाजवळच्या फोमचं डांबर झालेलं, आणि एका सेकंदावर लावलेलं शटर वाळलेल्या ग्रीझमुळे तीन सेकंद रेंगाळे. पुण्याच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं फोम खरवडला, चाकं धुतली आणि म्हणाला, "मास्तर, आता एक सेकंद म्हणजे एकच सेकंद."

छत्तीसांपैकी पस्तीस फोटो मी शिकण्यात घालवले. शेवटचा आईचा. माजघरातला उजेड बेताचा. कॅमेरा धान्याच्या डब्यावर ठेवला. "आई, हलू नकोस हं." तिनं मान ताठ धरली. हातांचं कंपन मात्र तिच्या हाती नव्हतं.

रोल धुऊन आला तेव्हा चेहरा स्वच्छ, हात धुरासारखे. कारागीर हळहळला, "फोटो हलला."

गेल्या आषाढात आई गेली. फोटो भिंतीवर आहे. हात अजून हलताहेत.