तारांसकट

नगरचा काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी धरून चालतो. वेशीची काळी भिंत पुढे आली की तो उजेड वाढवतो आणि बेसॉल्टचं सिमेंट करून टाकतो. म्हणून घरातून निघतानाच मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणून ठेवतो. रोज एक पडकी, नाहीतर कुणी वळून न पाहिलेली इमारत टिपायची, हा नेम. कुठली आणि किती वाजता, ते ऊन ठरवतं.

ऊन कुठून येणार याचा अंदाज इमारतच देते. आपल्याकडे मशिदीची किब्ल्याची भिंत पश्चिमेला, म्हणजे तोंड पूर्वेला. किल्ल्याजवळची दमडी मशीद घ्या. १५६७च्या सुमाराची, साहिरखानाने बांधलेली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभारली, असं लोक सांगतात. चण लहान, पण दगडावरचं कोरीवकाम दाट. सकाळी आठला ऊन थेट तोंडावर येतं. सगळं लख्ख दिसतं आणि नक्षी मात्र सपाट होते. अशा वेळी मी कॅमेरा बाहेर काढतच नाही. बाराच्या आत-बाहेर किरण भिंतीला घासून उतरू लागतात, तेव्हा प्रत्येक पाकळीखाली बारीक सावली धरते आणि छिन्नी किती खोल गेली होती ते कळतं. थोड्याच वेळात सबंध भिंत सावलीत जाते. दुपारचं ऊन वाईट, असं सगळे शिकवतात. कोरीव दगडापुरतं तरी ते खोटं आहे.

शाह डोंगरावरच्या चांदबिबी महालाची तऱ्हा निराळी. मुळात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही; मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. तीन मजली, अष्टकोनी. अष्टकोनाला दर्शनी बाजू नसते, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते आपणच ठरवायचं. एक भिंत उन्हात भाजत असते, शेजारची अर्ध्या उजेडात, तिच्यापलीकडची काळीठिक्कर. उजेडाची बाराखडी गिरवायला याहून चांगली पाटी जिल्ह्यात नाही. पण जो तो मावळतीला खालून तिची काळी आकृती काढतो. त्यात मजले जातात, कमानी जातात, डोंगरावर एक डाग उरतो. लाइक्स भरपूर पडतात, ते असो.

फराहबाग १५८३ साली पुरी झाली. तलावाच्या मधोमध महाल, दुरून नळाने आणलेलं पाणी. आता तलाव कोरडा आहे. तिथे आलेले हौशी लोक पावसाळ्यातलं डबकं शोधून त्यात प्रतिबिंब पकडतात. मी कोरडी जमीन फ्रेममध्ये जास्त घेतो, कारण पाणी गेलं हीच त्या वास्तूची आजची हकिगत आहे.

गावातल्या वेशी, वाडे, बारव यांच्यापुढे कॅमेरा काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, मोजणी आहे का?" रस्ता रुंद होणार, ही धास्ती. नाही म्हटलं की दुसरा: "मग पडक्याचा कशाला काढता? पलीकडं नवं मंदिर झालंय की." एकदा एका आजीबाईंनी मला थांबवून ओट्यावरचं वाळवण उचललं, वर बजावलंही, "घर नीट दिसू दे, बाबा." मी म्हटलं, "राहू द्या, आजी, कुरडयांसकट पाहिजे." त्यांना ते पटलं नाही.

मला मात्र तेच हवं असतं. माळीवाडा वेशीचा फोटो काढताना विजेच्या तारा, हातगाडी, वाढदिवसाचा फ्लेक्स यांतलं काहीच मी टाळत नाही, नंतर संगणकावर पुसतही नाही. पॅरिसमध्ये युजेन अॅत्जे १९२७पर्यंत जुन्या गल्ल्यांचे फोटो काढत राहिला. त्यांत दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती आहेत, म्हणूनच आज ते शहर वाचता येतं. तारा पुसलेली वेस निजामशाहीतली वाटेल कदाचित, पण तसा फोटो निजामशाहीत कुणी काढलेला नाही. फ्लेक्सवरची तारीख स्पष्ट यावी म्हणून मी छिद्र एफ-अकरावर ठेवतो; नेत्यांचे चेहरेही त्याच हिशेबात स्पष्ट येतात, त्याला इलाज नाही.