सरड्याची धाव, कुंपण आपलं!

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ही म्हण मी फक्त 'अर्थ स्पष्ट करा' या प्रश्नापुरती पाठ केली होती. अर्थ : प्रत्येकाची झेप त्याच्या कुवतीइतकीच असते. मार्क : एक. पण गेली काही वर्षं आमच्या हॉलमध्ये एक खराखुरा सरडा राहतो आहे, आणि त्याच्यामुळे माझं मत झालंय की या म्हणीत सगळे सरड्याबद्दल बोलतात, कुंपणाबद्दल कुणीच बोलत नाही!

तर मित्रांनो, आमच्या सरड्याचं नाव पोपट. हिरवा आहे म्हणून पोपट. जात ग्रीन इग्वाना, मूळ गाव मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं जंगल, आहार शुद्ध शाकाहारी. शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. सोसायटीतले काका मात्र अजूनही विचारतात, "काय गं, घोरपड पाळलीये म्हणे तुम्ही?" नाही हो काका! घोरपड आपली, ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला घरात ठेवणं हा गुन्हा आहे. इग्वाना परदेशी, पण तोही साइट्स करारातला प्राणी. १९७२ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नियम आले आणि अशा प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं सक्तीचं झालं. दादाने ती केली. त्यामुळे आमच्या घरात सरकारी कागद असलेला सरडा आहे!

२०२१ मध्ये दादाच्या ओळखीचं एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं, तेव्हा पोपट आमच्याकडे आला. वर्षाचाही नव्हता. माशांच्या काचेच्या टाकीत राहायचा. टाकी खिडकीपाशी होती, वर एक साधा पिवळा बल्ब होता. ऊन मिळतंय, ऊब मिळतेय, असं त्या लोकांना मनापासून वाटायचं. पण पोपटचे पुढचे पाय वाकडे झाले होते, बोटं थरथरायची आणि जबडा मऊ पडला होता. आजीने चष्मा लावून त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ह्याला तर मुडदूस झालाय!"

मला मुडदूस हा शब्दच माहीत नव्हता. रिकेट्स माहीत होतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं अगदी पुसट दिसत होती. त्यांनी जे इंग्रजी नाव सांगितलं त्याचा सारांश आजीने आधीच सांगितलेला होता! आजीच्या काळी बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचे ते कशासाठी, हे मला एका सरड्यामुळे कळलं.

आता थोडं सायन्स (आपण इंजिनिअर आहोत, सहन करा). उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातल्या साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्याला, म्हणजे यूव्हीबीला, कातडीखाली जीवनसत्त्व डी-३ ची सुरुवात करून देता येते. डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. गंमत म्हणजे खिडकीची काच उजेड आत सोडते, ऊब आत सोडते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. म्हणजे पोपट रोज उन्हात बसत होता आणि तरीही उन्हावाचून वाढत होता.

दादाने मग यूव्हीबीची टी-५ ट्यूब मागवली. ती कुठे लावायची यावरून आमच्या घरात टेक्निकल पेपर सादर झाले. लहान बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई होते, लांब ट्यूबची त्याहून सावकाश उतरते. मध्ये जाळी आली तर तीही बराच भाग खाते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट : ही ट्यूब म्हातारी झाली तरी विझत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र कमी होत जातं. त्यासाठीचा मीटर महाग असतो, म्हणून ट्यूबच्या टोकाला मार्करने बसवल्याची तारीख लिहायची आणि साधारण वर्षभरात ती बदलायची.

किती यूव्हीबी द्यायचं यावरही काम झालंय. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमैका आणि अमेरिकेतले सरडे व साप मोकळ्या रानात प्रत्यक्ष किती अतिनील किरण घेतात ते मोजलं आणि २०१० मध्ये त्यांचे चार गट मांडले. सावलीत राहणारे पहिल्या गटात, भर उन्हात बसणारे चौथ्या. त्यांना 'फर्ग्युसन झोन' म्हणतात. पुण्यात मात्र हे नाव काढलं की लोक शॉपिंगबद्दल बोलायला लागतात!

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपण जेवतो आणि आतून गरम राहतो. सरडा बाहेरून गरम होतो, त्याला गरम-गार जागा बदलत राहावं लागतं. म्हणून सगळा पिंजरा एकसारखा गरम करणं ही दया नव्हे, शिक्षा आहे. एका टोकाला, वरच्या फांदीवर, हॅलोजन दिव्याखाली ३५-३६ अंश, आणि खाली दुसऱ्या टोकाला २६-२७. मधलं सगळं त्याने निवडायचं. सकाळी पोपट वर जाऊन अंग पसरतो, अकराच्या सुमारास उतरतो, जेवण झालं की पुन्हा वर, कारण गरम झाल्याशिवाय त्याला पचत नाही. त्याच्या जागा बदलण्यावरून मी घड्याळ लावू शकते. तापमान बघायला कोविडच्या काळात घेतलेली टेंपरेचर गन 'सरफेस' मोडवर ठेवून वापरतो. दिव्याला जाळीचं कव्हर हवंच, नाहीतर त्याला चिकटून बसला तर भाजेल.

यूव्हीबीने कातडीत जे तयार होतं त्याचं डी-३ व्हायला अंगात ऊबही लागते. म्हणून ट्यूब आणि हॅलोजन शेजारी-शेजारी, एकाच फांदीवर पडतील असे लावायचे. सूर्य या दोन्ही गोष्टी एकत्र, फुकट देतो. आपल्याला त्या वेगवेगळ्या विकत घेऊन पुन्हा जोडाव्या लागतात!

रात्री मात्र काळोख. लाल, निळा, कुठलाच दिवा नाही. इग्वानाच्या डोक्यावर एक बारीक 'तिसरा डोळा' असतो, शंकरासारखा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. म्हणून बारा तास दिवस, बारा तास रात्र, टायमरवर. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट १० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर चालतो. थंडीत काय होतं ते फ्लोरिडाने दाखवलंय. तिथे लोकांनी सोडून दिलेल्या किंवा निसटलेल्या इग्वानांची रानटी प्रजा झालीय, आणि जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने चक्क 'झाडांवरून इग्वाना पडू शकतात' असा इशारा दिला होता. मेलेले नव्हे, गारठलेले.

पिंजरा सुतारकाकांनी बनवला. सहा फूट उंच, सहा लांब, तीन खोल, प्लायवूड आणि जाळीचा, आतून ओल न धरणारा, कारण त्याला हवेत दमटपणा लागतो आणि रोज पाणी फवारावं लागतं. आत पेरूच्या जाड फांद्या. रविवारी सकाळी गच्चीवर, सावलीचा कोपरा ठेवून, जाळीच्या पेटीत खरं ऊन. पोपटचे पाय पूर्ण सरळ झाले नाहीत, होणारही नाहीत. पण थरथर थांबली, जबडा घट्ट झाला, आणि आता जास्वंदीचं फूल तो असं ओढतो की बोट सांभाळावं लागतं.

गेल्या वर्षी दादा एम.एस.साठी जर्मनीला गेला. मी दिवसभर कॉलेजात, म्हणून मी पिंजऱ्यावर एक कागद चिकटवला : सात वाजता काय, लाईट गेली तर काय, किती अंशांखाली मला फोन करायचा. आजीसाठी मराठीत लिहिला. माझं पहिलं मराठी लेखन ते! आजीने लाल पेनने सतरा चुका काढल्या, पण प्रत्येक ओळ पाळते. आईने हिशेब मागितला : ७५ वॅटचा हॅलोजन आणि ५४ वॅटची ट्यूब, रोज बारा तास, महिन्याला सुमारे ४६ युनिट. "एक जेवणारा माणूस वाढला म्हणायचं," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी प्लेसमेंट. हैदराबाद, बंगलोर, कुठेही. पोपटची अजून दहा-पंधरा वर्षं शिल्लक आहेत, आजी ऐंशीच्या घरात आहे. मैत्रिणी म्हणतात, "सरड्यासाठी करिअर सोडणार का?" सोडणार नाही. पण दादा व्हिडिओ कॉलवर, मी आणि आई-बाबा समोर, अशी एकदा बैठक झाली. मी बाहेरगावी गेले तर पोपट बाबांकडे, दादा परत येऊन स्थिरावला की त्याच्याकडे, आणि दोघंही दूर असू तेव्हा ट्यूबचा आणि डॉक्टरांचा खर्च आम्हा दोघांचा. हे ठरलं. बाबा म्हणाले, "त्याला जायला दुसरी जागा नाही. आपल्याला आहे, म्हणून आपण जुळवून घ्यायचं." सध्या ते टेंपरेचर गन शिकतायत.

कॅन्टीनमध्ये पोपटचे फोटो बघून दर वेळी कुणीतरी विचारतं, "भारी आहे यार, कुठे मिळेल?" कुठे मिळेल हे मी सांगत नाही. मी विचारते, तू २०४० मध्ये कुठे असशील? कारण सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे खरंच आहे. त्याची सकाळ, दुपार, सावली, रात्र, सगळं त्या कुंपणाच्या आत. जे आपण आत ठेवलं नाही, ते त्याच्यासाठी जगातच नाही.