हाडांतलं रक्ताचं बिऱ्हाड

रक्त हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतं, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. हाडातच का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माशांचं रक्त मूत्रपिंडात बनतं. आपणही आईच्या पोटात असताना बराच काळ यकृतावर भागवतो. मग रक्ताच्या मूळपेशी आपलं बिऱ्हाड हाडात हलवतात आणि जन्मभर तिथूनच रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशींची सोय बघतात.

मँचेस्टरच्या रेमंड स्कोफील्ड यांनी १९७८ साली मांडलं, की मूळपेशीचं मूळपेशीपण तिच्या एकटीच्या हातात नसतं. ते शेजारावर अवलंबून असतं. शेजारी कोण, यावर आमच्या रक्तविज्ञान शाखेत अजून वाद आहे. २००३ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले : उंदरांत हाड रचणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, वाढल्या की रक्ताच्या मूळपेशीही वाढतात. त्यांतल्या बॉस्टनच्या गटाने पॅराथायरॉइड हार्मोन टोचूनही हे साधलं. झालं, घरमालक सापडला! हाडाच्या भिंतीला चिकटून बसलेल्या मूळपेशीचं चित्र तेव्हापासून रूढ झालं.

मला ते चित्र कधी पुरतं पटलं नाही. २००५ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेने मूळपेशी ओळखायच्या नेमक्या खुणा शोधल्या, आणि बऱ्याच मूळपेशी रक्तवाहिन्यांलगत निघाल्या. पुढे, २०१३ मध्ये, मूळपेशींना धरून ठेवणारा सीएक्ससीएल-१२ हा रेणू ऑस्टिओब्लास्टमधून काढून टाकला, तरी मूळपेशींचं फारसं बिघडलं नाही. अडलं ते लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींचं.

मग हाडाचा संबंधच नाही? आहे, फक्त एक पिढी आधीचा. वाहिन्यांभोवतीच्या ज्या पेशी हा रेणू सर्वांत जास्त पुरवतात, त्यांच्यापासूनच पुढे ऑस्टिओब्लास्ट तयार होतात. २०१० मध्ये मार्क राइमेकर्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांतल्या अशा कोवळ्या पेशींमधलं डायसर-१ हे जनुक काढलं. रक्तपेशींना हात लावला नव्हता, तरी रक्त मायलोडिस्प्लेशियासारखं, म्हणजे पेशी नीट न घडण्याच्या आजारासारखं, बिघडलं. काहींना ल्युकेमियाही झाला. तेच जनुक तयार ऑस्टिओब्लास्टमधून काढलं तर काहीच झालं नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग.

आमच्या रोजच्या कामातही हे नातं आहे, ऑस्टिओब्लास्टसकट. मूळपेशी द्यायला आलेल्यांना वाटतं, मणक्यात सुई खुपसणार. प्रत्यक्षात बहुतेकांना चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात आणि मग शिरेतलं रक्त यंत्रातून फिरवून मूळपेशी वेगळ्या काढतात. या औषधाने ऑस्टिओब्लास्ट मंदावतात, मज्जेतलं सीएक्ससीएल-१२ उतरतं आणि मूळपेशी रक्तात उतरतात. तेवढ्याने भागलं नाही तर प्लेरिक्साफॉर. ते याच रेणूची मूळपेशीवरची पकड सोडवतं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली मज्जा प्रत्यारोपणाला सुरुवात झाली. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचं रक्त दात्याचं होतं. कधी कधी रक्तगटही बदलतो, आणि नातेवाइकांना त्याचंच जास्त अप्रूप. पण हाडातल्या या शेजारपेशी बहुतांशी रुग्णाच्याच राहतात, केमोथेरपीने पोळलेल्या. दात्याचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, आम्ही बारकाईने जुळवतो. त्याच्या पेशी ज्यांच्या शेजारी राहायला जाणार, त्यांची मात्र नेहमीच्या तपासण्यांत जवळजवळ चौकशीच होत नाही.