किनाऱ्यावरची फियाट आणि शोरूमची जादा जोडणी

महाराष्ट्रात जुन्या इटालियन गाडीचा विषय निघाला की फेरारीच्या आधी फियाट ११०० आठवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बने. १९६४ पासून तिचे ११००-डी हे रूप येऊ लागले आणि तेच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखले गेले. कारखान्यातून गाडी साधीच बाहेर पडे. सीट कव्हर, रेडिओ, मडफ्लॅप, बंपर गार्ड, धुक्याचे दिवे, टपावरचा कॅरिअर आणि तळाला डांबरी अँटी-रस्ट थर या गोष्टी विक्रेता किंवा गॅरेजवाला बसवून देई.

रायगडच्या किनारपट्टीवर या जोडण्यांची खरी परीक्षा होते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात खारा वारा बारमाही असतो आणि पावसाळ्याचे चार महिने पत्रा पुरता सुकत नाही. त्यातच या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालची पेटी आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे इथे पत्रा सडला की गाडीची ताकदच जाते.

या जोडण्यांचा पहिला प्रकार भोक पाडून बसवायच्या वस्तूंचा. मडफ्लॅप किंवा बाजूची चकचकीत पट्टी लावताना ड्रिलने रंग आणि प्रायमर दोन्ही फुटतात. उघड्या कडेला प्रायमर न लावता स्क्रू पिळला की गंज तिथूनच सुरू होतो. आधी रंगाखाली दाण्याएवढा फुगवटा दिसतो. तो खरवडला की आत तपकिरी भुगा निघतो, आणि तोवर मागची बाजू बरीच खाल्लेली असते.

दुसरा प्रकार पाणी धरून ठेवणाऱ्या वस्तूंचा. प्रस्तुत लेखकाच्या वापरातल्या ११००-डीला एका विक्रेत्याने तळाला डांबरी थर आणि आत जाड रबरी मॅट घालून दिली होती. खालून पाहता थर अखंड होता. मॅट उचलली तेव्हा तिच्याखालचे गोणपाट ओले लागले, आणि चालकाच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवताच तो थेट आरपार गेला. डांबराला केसाएवढी चीर पडली तरी खारे पाणी आत शिरते आणि थराखाली अडकून राहते. पुढे त्या जागेचा सडका पत्रा कापून नवा जोडावा लागला. नुसती लांबी भरून रंग मारला असता, तर सांगाडा कमकुवतच राहिला असता.

तिसरा प्रकार विजेचा आणि इंजिनाचा भार वाढवणाऱ्या वस्तूंचा. मूळ गाडीला डायनॅमो असतो आणि इंजिन संथ फिरत असताना तो फारसे चार्जिंग करत नाही. जादा दिवे आणि स्टिरिओ लागले की पावसाळी रात्री वायपरसह बॅटरी उतरते. म्हणून अनेकांनी अल्टरनेटर बसवून घेतला. हा बदल उपयोगी आहे, आणि मूळ डायनॅमो जपून ठेवला तर उलटवताही येतो. डॅशबोर्डखाली लटकवलेल्या एसीचे तसे नाही. १०८९ सीसीच्या इंजिनाला कंप्रेसर ओढावा लागतो, अलिबागजवळच्या कार्लेखिंडीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकतो, आणि निचऱ्याची नळी तुंबली तर पाणी पुन्हा कार्पेटखालीच मुरते.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना व्हिंटेज नोंदणी खुली केली. तिची अट अशी, की वाहन मूळ रूपात असावे. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा.

तरीही विक्रेत्याने केलेली प्रत्येक भर काढून टाकणे योग्य नाही. १९६७-६८ मध्ये अमेरिकेतील फेरारीचे आयातदार लुइजी किनेत्ती यांच्या आग्रहावरून २७५ जीटीबी/४ च्या दहा उघड्या गाड्या तयार झाल्या. आज त्या जगातल्या सर्वांत मौल्यवान फेरारींमध्ये गणल्या जातात. तशीच विक्रेत्याने घातलेली भरही गाडीच्या इतिहासाचा भाग ठरते, मात्र तिची नोंद हवी. फियाटच्या बाबतीत जुने बिल, त्या काळचा फोटो आणि काढून ठेवलेले मूळ भाग हीच ती नोंद.

किनाऱ्यावर जुनी फियाट घेणाऱ्याने आधी मॅट उचलून पाहावी, मग रंगाचे कौतुक करावे. भोक न पाडता बसणारी आणि पाणी न धरणारी वस्तू ठेवावी. उघडी भोके साफ करून, प्रायमर लावून रबरी बुचाने बंद करावीत. मांडव्याच्या रो-रो (गाड्या वाहणाऱ्या) बोटीने आणलेल्या गाडीचा तळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. एवढे केले तर या किनाऱ्यावरही ही गाडी टिकते.