शाळेच्या मसुद्याबद्दल बेबीला

पुणे, रविवार

चि. बेबीस,


तुमच्या नव्या शाळेच्या ‘ध्येये आणि मूल्ये’चा मसुदा वाचला. प्रेम, सेवा, शिस्त, सर्वांगीण विकास, सगळं यथासांग आहे. पण हा कागद गावातल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लावला तरी खपून जाईल. तुमची शाळा ख्रिस्ती आहे म्हणजे नक्की काय, ते त्यात कुठेच येत नाही. मुलीला घेऊन आलेल्या बापाच्या मनात मात्र तोच प्रश्न असतो. भिडेपोटी तो विचारत नाही आणि आपणही ‘नाही विचारलं ते बरं’ म्हणून गप्प बसतो. इतकी वर्षं शिकवताना मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

पायाभूत मूल्यं कशी लिहायची म्हणून विचारतेस, तर मला पंडिता रमाबाईंचं शारदासदन आठवतं. केडगावचं मुक्तिमिशन आपल्या लोकांना ठाऊक असतं, पण त्याच्या आधीच्या या लहानशा शाळेकडे कुणी फारसं वळून बघत नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ ती उघडली, तेव्हा विद्यार्थिनी होत्या दोन. त्यातल्या विधवा गोदूबाई जोशी म्हणजे पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या बाया कर्वे.

या शाळेची घडण बघ. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्येच इंग्लंडात वाँटेजला झालेला. पैसा मात्र कुठल्या मिशनचा नव्हता. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्यासाठी रमाबाई असोसिएशन निघालं, त्यात निरनिराळ्या पंथांची माणसं होती, आणि त्यांनी दहा वर्षं खर्च चालवायचं कबूल केलं. शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, हे ठरलेलं. मुलींना आपापलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती, तशी स्वयंपाकाची व्यवस्था होती. ग्रंथालयात बायबल होतं, हिंदूंचे धर्मग्रंथही होते. बाई स्वतः जन्मभर शाकाहारी राहिल्या. वाँटेजच्या मठात अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारलं, आणि त्यावरून तिथल्या सिस्टरांची बोलणीही खाल्ली. (ख्रिस्ती घर म्हणजे रविवारी मटण, असं समजणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हे एकदा ऐकव.)

सदन १८९० मध्ये पुण्यात आलं आणि खरी परीक्षा तिथे झाली. मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात अशी कुजबुज सुरू झाली, ‘केसरी’ने त्यावरून बाईंना धारेवर धरलं. बाईंची बाजू सरळ होती: मी कुणाला बोलावत नाही, कुणाला बाप्तिस्मा घे म्हणत नाही, पण प्रार्थना करताना माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर ही सल्लागार मंडळातली माणसं बाजूला झाली आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. एवढ्याशा शाळेला हा केवढा घाव! दार लावून घेतलं असतं तर बहुतेक मुली टिकल्या असत्या. बाईंनी लावलं नाही.

आता माझं मत, आणि ते आपल्यातल्या पुष्कळांना रुचत नाही. मी बाईंच्या बाजूची आहे, तरी रानडे-भांडारकरांना वेड्यात काढायला तयार नाही. जिचं अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण सगळं एकाच बाईच्या हातात, त्या पंधरा वर्षांच्या विधवेला उघडं दार नुसतं उघडं दिसत नाही, तिला ते बोलावतं. जोर-जबरदस्ती न करताही ओढ लागते. ख्रिस्ती शाळा चालवणाऱ्यानं ही ताकद आपल्याकडे आहे हे आधी स्वतःशी मान्य करायला हवं. मोठ्या शाळेत एखादं मूल गर्दीत लपू शकतं. तुमच्यासारख्या चार वर्गांच्या शाळेत कुठे लपेल?

पुढे १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली आणि केडगावचं काम ख्रिस्ती म्हणून उघडपणे चाललं. तोवर १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली मध्य प्रांतातून तिथे आल्या होत्या. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, हे सगळं तिथे झालं, पण तो निराळा आणि मोठा पसारा. तुला उपयोग आहे तो पुण्याच्या त्या अवघड वर्षांचा.

तेव्हा मसुद्यातलं पहिलं पान काढून टाक. त्याऐवजी लिही: सकाळी प्रार्थना होते, ती येशूच्या नावानं होते, ती ऐकायला यायचं की नाही हे पालक ठरवतील, न येणारं मूल त्या वेळात कुठे बसेल आणि त्याच्यापाशी कोण असेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्याला व्हरांड्यात एकटं उभं केलंत तर ती शिक्षाच झाली. संविधानाच्या कलम २८ (३) मध्येही हेच आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासनेला बसवायचं तर संमती लागते, मूल अज्ञान असेल तर पालकाची. कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा हक्क दिला आहे, त्याचा उल्लेख तुमच्या ट्रस्टींनी ठळक अक्षरांत केला आहे. २८ चा कुठेच नाही. दोन्ही शेजारी शेजारी छापा.

बायबलमधल्या गोष्टी सांगा, जरूर सांगा. पण चांगले मार्क, फीची सवलत, स्नेहसंमेलनातलं मुख्य काम यांचा प्रार्थनेच्या हजेरीशी काडीचा संबंध राहणार नाही, हे लेखी द्या. आपल्या लोकांच्या मुलांना सवलत द्यायची असेल तर तसं स्पष्ट म्हणा, ‘गुणवत्ते’च्या आड लपवू नका.

आणि संमतीचा कागद मराठीत काढ. तुमच्याकडे येणारे निम्मे पालक इंग्रजी कागदावर न वाचताच सही करतात. फीचं कोष्टक अजून पाहायचं आहे, ते बुधवारपर्यंत कळवते.

तुझी,
आत्या