शेवटचे तीन किलो

त्यांचा पत्ता शोधावा लागत नाही. बेंबीखाली चार बोटं, जिथे साडीच्या निऱ्या खोचतात किंवा पँटचं बटण लागतं, तिथे त्यांचं मुख्य बिऱ्हाड. थोडे कंबरेच्या मागे, थोडे मांड्यांवर. स्वभावाने शांत. दुखत नाहीत, खुपत नाहीत. वजन उतरवायला निघालेल्या माणसाचे पहिले सात-आठ किलो भराभर जातात, तेव्हा हे कुठेतरी मागे असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. बाकीचे गेले की मग ते नजरेस पडतात. ठरवलेला आकडा हाकेच्या अंतरावर आलेला असतो आणि मधे हे तीन किलो मांडी घालून बसलेले असतात. उठायचं नाव घेत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीकडे त्यांचा मुक्काम आहे, म्हणून त्यांची माझी जवळून ओळख झाली. रक्तातली साखर काठावर आल्यावर डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं. संध्याकाळचं चालणं सुरू झालं, रात्रीचं जेवण साडेसातवर आलं, चहातली साखर गेली आणि तिची सत्तरची एकसष्ट झाली. ध्येय तिने अठ्ठावन्नचं धरलं होतं, कारण लग्नाच्या वर्षी तिचं वजन तेवढं होतं. एकसष्टला मात्र काटा जो अडला, तो अडलाच. "ताई, खाणं तेच, चालणं तेच. माझं चुकतंय कुठे?" असं ती विचारायची, तेव्हा तिच्या आवाजात स्वतःवरचा राग असायचा. तो राग मला सोसवेना. मग या मंडळींचं कूळ-मूळ शोधायला लागले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की काट्यावर सकाळी जे दिसतं ते बऱ्याचदा हे नसतातच. बहीण शनिवारी एका लग्नाला जेवली. मसालेभात, जिलबी, पापड, लोणचं. रविवारी सकाळी काटा ६१.९. बुधवारी तोच काटा ६०.८. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, एका पंगतीत तेवढं कुणी जास्तीचं जेवत नाही. भात आणि गोडाची साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन होऊन साठते आणि प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. लोणच्या-पापडाचं मीठही पाणी धरतं. पाळीच्या आधीचे दिवस असले तर त्यात आणखी भर. रविवारचा तो किलो जवळजवळ सगळा पाण्याचा होता, पण त्याचं खापर बिचाऱ्या तीन किलोंवर फुटलं आणि बहिणीने सोमवारी उपास केला.

या मंडळींना मुकं समजण्याची चूक विज्ञानानेही बरीच वर्षं केली. चरबी म्हणजे नुसता साठा, असं मानलं जायचं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं, तेव्हा उलगडलं की चरबीच्या पेशी सतत बोलत असतात. त्या लेप्टिन रक्तात सोडतात, मेंदू ते मोजतो आणि साठा किती उरला याचा अंदाज घेतो. साठा उतरला की लेप्टिन उतरतं आणि मेंदू कामाला लागतो. भूक वाढवतो, खर्च आवरतो. पोटाकडून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या ५० जणांची अशी संप्रेरकं तपासली आणि २०११ साली निष्कर्ष छापले. वजन उतरवून वर्ष लोटलं होतं, तरी भूक वाढवणारे हे बदल पूर्ववत झालेले नव्हते. बहीण म्हणायची, "माझी जीभच ताब्यात नाही." जिभेचा काही दोष नव्हता. तिचं शरीर तिला रोज, न चुकता, जेवायला बोलावत होतं.

दुसरीकडे खर्चाचं गणितही बदललेलं असतं. हलकं झालेलं शरीर तोच रस्ता कमी इंधनात चालतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम केलेल्या केव्हिन हॉल यांच्या हिशेबाप्रमाणे, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस ते तीस कॅलरींनी घटतो आणि भुकेची ओढ मात्र शंभरेक कॅलरींनी वाढते. नऊ किलोंचं काय होत असेल ते यावरून समजावं. एके दिवशी मी बहिणीच्या ओट्याशी उभी राहून तिचा स्वयंपाक पाहिला. भाकरी एकच, तीही पातळ. भात वाटीने मोजलेला. पण भरल्या वांग्यांत दाण्याचं कूट पडलं ते मुठीने, आणि फोडणीचं तेल थेट बरणीतून. मूठभर दाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात, मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास. सत्तर किलोंच्या बहिणीच्या रोजच्या तुटीत हे सगळं खपून जात होतं. एकसष्ट किलोंच्या बहिणीची तूटच मुळात एवढीशी उरली होती, की एका मुठीने ती भरून निघायची. तिने शिस्त सोडली नव्हती. तीच शिस्त आता अपुरी पडत होती, एवढंच.

या मंडळींशी जबरदस्ती केली तर काय होतं, याची नोंद मिनेसोटा विद्यापीठात झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांनी युद्धानंतर उपाशी युरोपला कसं जेवू घालावं हे कळावं म्हणून स्वतःला एका प्रयोगाच्या हवाली केलं. १९४४ च्या नोव्हेंबरात प्रयोग सुरू झाला. ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ते सहा महिने अर्धपोटी राहिले आणि त्यांचं वजन चतुर्थांशाने घटलं. शरीराने काय केलं? अंगातली ऊब कमी केली, नाडी मंद केली, हालचाल आवरती घेतली. धडधाकट तरुणांना सतत थंडी वाजायला लागली. दिवसरात्र जेवणाचेच विचार, हातात पाककृतींची पुस्तकं. पुढे पोटभर अन्न मिळायला लागल्यावर त्यांची चरबी आधीपेक्षा जास्त भरून आली. बहिणीने सोमवारी केलेला उपास आणि मंगळवारी रात्री फ्रीजसमोर उभ्याने खाल्लेला श्रीखंडाचा डबा यांत हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडली होती.

शेवटच्या तीन किलोंचा स्वभाव मला खऱ्या अर्थाने उमगला तो आमच्या आजीच्या आठवणीने. आजीने बहात्तरचा दुष्काळ काढलेला. खडी फोडायला गेलेली, मिलोच्या लाल भाकरी खाल्लेली, पोरांसाठी सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली. पुढे सुगीचे दिवस आले तरी कणगीतल्या तळाच्या ज्वारीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. वरून हवं तेवढं काढा. पण हात तळाशी पोचला की तिचा आवाज बदलायचा. आजीला कुणी कंजूष म्हटलं नाही, कारण ती कुणासाठी राखते आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या कंबरेवरचे हे तीन किलो तसेच तळाचे आहेत. पाऊस दगा देऊ शकतो, हे या प्रदेशातल्या माणसांच्या शरीरांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलं. गल्लीच्या कोपऱ्यावर वडापाव मिळतो आणि किराणा घरपोच येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते आपलं काम इमानाने करताहेत.

म्हणून ते नेहमीच निरुपद्रवी असतात असं मात्र नाही, आणि आपल्याकडे तर हे लक्षात ठेवायलाच हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी दिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत त्यांच्या चमूने जन्मतःच मोजलेली बाळंही हेच सांगतात. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी, स्नायू कमी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. किरकोळ दिसणारा आपल्याकडचा माणूस आतून चरबी बाळगून असतो आणि तिचा मुक्काम पोटात, यकृताभोवती असला तर ती मधुमेहाला वाट करून देते. त्यामुळे हे तीन किलो कुठे राहतात हे महत्त्वाचं. ते सांगायला वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात.

आणि जेव्हा ते खरंच जातात, तेव्हा कुठे जातात? बहुतेकांना वाटतं, घामावाटे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हा हिशेब नीट मांडून दाखवला. दहा किलो चरबी जळली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे आपल्या तीन किलोंपैकी अडीच किलो नाकातोंडावाटे हवेत मिसळायचे आहेत, श्वासाश्वासाने, झोपेतसुद्धा. हे वाचल्यावर बहिणीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. निरोप घ्यायची त्यांची रीतच इतकी संथ आहे, तर त्यांना धक्के मारून काय होणार? ते गेल्यावरही चरबीच्या पेशी तिथेच राहतात. मोठेपणी त्यांची संख्या जवळजवळ कायम असते, हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. त्या फक्त आकसतात.

मला आता या मंडळींबद्दल जे वाटतं ते स्पष्ट सांगते. आधीच्या नऊ किलोंनी जाताना जे देऊन जायचं ते बहुतांशी दिलेलं असतं. अमेरिकेत मधुमेहाच्या काठावरच्या तीन हजारांहून जास्त माणसांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार-व्यायाम बदलून वजन सातेक टक्के घटवण्याचं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली भारतीयांवरचा अभ्यास छापला. तिथे वजन फारसं न उतरताही, नुसतं खाणं सुधारून आणि चालणं वाढवून, हा धोका चतुर्थांशाहून जास्त घटला. माझ्या बहिणीने तर सत्तरातले नऊ, म्हणजे जवळजवळ तेरा टक्के उतरवले. तिची साखर खाली आली, गुडघे कुरकुरायचे थांबले, तिसऱ्या मजल्यावर ती न थांबता चढते. एवढं कमावलेली बाई तीन किलोंसाठी रोज सकाळी काट्यावर स्वतःला नापास करत होती, हे मला मान्य नाही. अठ्ठावन्न हा आकडा तिच्या शरीराने दिलेला नव्हता. तो पंचवीस वर्षांच्या, अजून एकही बाळंतपण न झालेल्या मुलीचा होता.

म्हणून आम्ही दोघींनी बसून नवं ठरवलं. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं आणि महिन्याचे चार आकडे एकत्र पाहायचे. कूट आणि तेल चमच्याने मोजायचं. ताटात डाळ, उसळ, दही, अंडं यांची बाजू वाढवायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायची, म्हणजे जे उतरेल ते स्नायूंमधून उतरणार नाही. टेप ८१ दाखवते, ती ८० च्या आत आणायची. यात तीन किलोंपैकी जे जातील त्यांना सावकाश जाऊ द्यायचं, राहतील त्यांना राहू द्यायचं.

आणि वर्षभर एकसष्टच्या वर जायचं नाही, हे मुख्य. ऐकायला ते फार लहान वाटतं. पण शरीर वर्ष उलटून गेलं तरी भुकेची हाक देत राहतं हे कळल्यावर, त्या हाकेला दाद न देता आहे तिथे टिकून राहणं हे उतरण्याएवढंच मोठं काम आहे, असं मी मानते. त्यासाठी कुणी पाठ थोपटत नाही, कारण बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. बहिणीची पाठ मी दर महिन्याला थोपटते. तुमच्या घरात असं कुणी अडलेलं असेल, तर "अजून किती राहिलं?" हा प्रश्न सोडा आणि "किती टिकवलंस!" असं म्हणा.