वाटेतले विसावे

गुडघे कुरकुरू लागले की प्रवास संपला, असे आपण घरातील ज्येष्ठांच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो. मी डॉक्टर असूनही माझा समज तोच होता. ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन स्कॉटलंडमधील पिटलॉख्री या लहानशा गावी गेलो, तेव्हा तो बदलला.

गावालगत टमल नदीवर १९५१ मध्ये पूर्ण झालेले जलविद्युत धरण आहे. सॅमन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून उगमाकडे परततात. त्यांची वाट अडू नये म्हणून धरणाच्या कडेने ३१० मीटर लांबीची, ३४ कुंडांची जलशिडी बांधली आहे. त्यांपैकी तीन कुंडे मोठी आहेत, ती केवळ विश्रांतीसाठी. कठड्याला टेकून आई म्हणाली, "बघ, मासासुद्धा एका दमात चढत नाही!"

मग आम्ही बेत बदलला. जवळच किलिक्रँकीची घळ आहे. १६८९ च्या लढाईत एका सैनिकाने जीव वाचवण्यासाठी तेथे नदीवरून उडी घेतली, असे सांगतात. वाट उताराची असल्याने ती जागा आम्ही वगळली. टमल सरोवराचे मनोहर दर्शन घडवणारे ‘क्वीन्स व्ह्यू’ मात्र वाहनतळापासून थोड्याच पावलांवर आहे; तेथे आई बाकावर तासभर तृप्त बसून होती.

दिवसाला एकच स्थळ, अधूनमधून बैठक आणि औषधे हातातल्या पिशवीत, एवढे पथ्य पुरले. ज्येष्ठांना ‘जाऊ नका’ म्हणण्यापूर्वी आपणही वाटेतले विसावे शोधून पाहावेत.